उरलेली कवळी

सगळ्या आजी-आजोबांच्या कवळ्या प्रणितानं एकाच टबात घालून लख्ख घासल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं की कुठली कुणाची हे आता देवालाच ठाऊक. वृद्धाश्रमात रुग्णसेवेचं काम शिकायला येऊन तिला आठवडाही झाला नव्हता.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अगं, एकाची धुवून त्याच्या वाटीत ठेवायची, मगच दुसऱ्याची घ्यायची. शिकवलं नव्हतं का?"

टब घेऊन दोघी खाटाखाटांपाशी फिरल्या. कुणाला घट्ट, कुणाला सैल. "ही तर घोड्याची दिसतेय," असं पेठे आजोबा बोळक्या तोंडानं म्हणाले तसा अख्खा हॉल हसला. रडवेली प्रणिताही हसली. जेवणाच्या घंटेपर्यंत ज्याचे दात त्याला मिळाले.

टबात एक कवळी उरली. ती कुणालाच बसेना.

"आता ही कुठून आली?" सिस्टर वैतागल्या. "टाकून दे."

"टाकू नकोस गं." सकाळपासून टबाकडे टक लावून बसलेल्या मथुराआजींनी हात पुढे केला. त्यांचे यजमान दिवाळीत इथंच, शेजारच्या खाटेवर गेले होते. आजींनी कवळी पदरानं टिपली आणि आपल्या वाटीशेजारच्या दुसऱ्या वाटीत अलगद ठेवली.

प्रणितानं तांब्या उचलला. तो तिनं त्या दुसऱ्या वाटीवर धरला.

"ताजं पाणी आहे ना?" आजींनी विचारलं. "रोज मीच बदलते. ह्यांना शिळं चालत नाही."