धरलेला हात

गोळीचा असर सुरू झाला असेल एवढा वेळ गेल्यावर शर्वरीने पंखा कमी केला आणि विचारलं, "सुरू करू या?"

मधुराने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मंदारने खुर्ची जवळ ओढून तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग तिने डोळे मिटले. दर आठवड्याला हे असंच चालायचं.

नानाखेड्यातल्या या दोन खोल्यांत शर्वरीचं संशोधन चालू होतं. जबर धक्का बसलेल्या माणसाला रक्तदाबाची एक जुनीच गोळी द्यायची आणि तिच्या असरात तीच घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. आठवण जात नाही, पण तिची दहशत कमी होते, असा अंदाज. घरचं माणूस शेजारी बसलं तर जास्त फरक पडतो का, हेही तिला बघायचं होतं. त्या बाबतीत मधुरा नशीबवान. बाकीच्यांना लोक दारात सोडून निघून जात. मंदार बँकेतून अर्धी रजा टाकून यायचा.

"सोमवती अमावस्या होती," मधुरा म्हणाली. "घाटावर खूप भीड होती. विहंगचा हात माझ्या हातात होता. आणि मग..."

"आणि मग सुटला," मंदार हळूच म्हणाला. "तुझी चूक नाही, मधुरा. भीडच तशी होती."

इथे आली की ती ढसाढसा रडायची.

विहंग त्यांचा एकुलता एक मुलगा, त्या दिवशी नदीत बुडालेला. त्याला ऑटिझम होता. गर्दीत बिथरून पळत सुटायचा, म्हणून मधुराने जिवाचं रान करून त्याला एकच गोष्ट शिकवली होती: बाहेर पडलं की हात धरायचा, आणि आपणहून सोडायचा नाही. माधव नगरच्या बाजारात रोज थोडं थोडं चालवून, दर वेळी चिक्कीचा तुकडा देऊन शिकवलं. शिकायला वेळ लागला, पण शिकला तो असा की शाळेच्या दारात त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागत. तेच आता तिच्या मुळावर आलं होतं.

"तो सोडणारा नव्हता, मॅडम," ती शर्वरीला म्हणायची. "म्हणजे मीच सोडला."

घरात तिला कोणी दोष दिला नाही, हे मात्र खरं. ती घाटावर बेशुद्ध पडली होती. दवाखान्यात डोळे उघडल्यावर मंदारचं पहिलं वाक्य होतं, तुझी चूक नाही. तिची सासू, अक्का, तेराव्याला सगळ्यांसमोर तिला पोटाशी धरून म्हणाली की आम्ही तुला माफ केलं. मग नात्यातल्या लोकांनीही फोन करकरून माफ केलं. इतकी माफी फार थोड्यांच्या वाट्याला येते. मधुरा मात्र त्या माफीने खंगत गेली. एका सकाळी ती एकटीच नदीवर गेली आणि चालत आत शिरली. फुलं विकणाऱ्या बाईने तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढलं. तेव्हापासून अक्का बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावत होती. या गोळीनेही काही झालं नाही तर पुढे काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं.

पण गोळी लागू पडली. रडणं कमी झालं, जेवण जायला लागलं. आणि घटना सांगताना बारीकसारीक गोष्टी यायला लागल्या. शेवाळलेली पायरी. पुढच्या बाईची ओली वेणी. शर्वरीला फार बरं वाटलं.

मंदारची तब्येत मात्र उतरत चालली होती. एकदा मधुरा पाणी प्यायला गेली तेव्हा तो दाराशी थांबला.

"मॅडम, आता बस करू या ना? ती ठीक आहे. आणखी आठवून काय फायदा?"

"एकच बैठक राहिलीय."

"तिला झेपणार नाही. हात जोडतो तुमच्यापुढे." त्याचे डोळे लाल झाले होते. शर्वरीला त्याची दया आली. बाप होता तोही, आणि त्याला कोणी गोळी दिली नव्हती.

शेवटच्या बैठकीत नुसतं सांगायचं नसे, करून दाखवायचं असे. शर्वरीने मंदारची खुर्ची मागे भिंतीजवळ ठेवली.

"मी हात धरून उभा राहतो ना," तो म्हणाला. "तिला सवय आहे."

"आज त्यांचे हात मोकळे हवेत."

मधुरा खोलीच्या मधोमध उभी राहिली. साडी किंचित वर धरून तिने एक पायरी उतरल्यासारखं केलं, मग दुसरी.

"पाणी गार होतं. समोरून ऊन येत होतं. मी डुबकी मारली. मग सूर्याला अर्घ्य दिलं."

"कसं दिलं, दाखवा."

ती वाकली. दोन्ही तळवे जोडून तिने ओंजळ भरली आणि कपाळापर्यंत उचलली. तशीच थांबली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मागे खुर्ची करकरली.

"आणि विहंग?" शर्वरीने विचारलं.

मधुरा आपल्या ओंजळीकडे बघत राहिली. मग हात तसेच धरून ती भिंतीकडे वळली आणि अगदी शांतपणे, काहीतरी नीट आठवून विचारावं तसं तिने विचारलं,

"'दे त्याला इकडे, अर्घ्य एका हाताने देत नाहीत,' असं तूच म्हणालास ना, मंदार?"