चौथा छर्रा

छर्रा काचेवर टणकन आपटला आणि खाली पडला. काच जशीच्या तशी.

"बारावा!" भीमाचार्य ओरडले. ते नेमबाजांच्या क्लबाचे सेक्रेटरी. येलहंक्याच्या माळावर त्यांनी स्टुलावर लाल भोपळा ठेवला होता आणि त्याला चष्मा बांधला होता. एरवी शेषगिरी पोट धरून हसले असते. आज ते नुसते बघत राहिले.

शेषगिरींचं चिकपेटेत चष्म्यांचं दुकान. नेमबाजांसाठी जाड काच तापवून, झटकन थंड करून हे चष्मे ते स्वतः घडवायचे. महिन्यापूर्वी याच माळावर त्यांच्या सुधींद्राचा छर्रा लोखंडी पत्र्यावरून उलटला, चष्मा फुटला आणि पोराचा डावा डोळा गेला. तेव्हापासून शेषगिरींना ना भूक लागत होती, ना रडू येत होतं. लोक म्हणत, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! आत सगळं बधिर झालं होतं.

कावेरीबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. आज ते निघताना मात्र दाराशी आल्या. म्हणाल्या, "काच कच्ची होती का पक्की, एवढं मला येऊन सांगा."

म्हणून त्याच भट्टीतून निघालेले, दुकानात पडून राहिलेले बारा कोरे चष्मे आणले होते. प्रत्येकावर एकेक छर्रा मारला. बाराच्या बारा टिकले.

"शेषण्णा, हातच्या काकणाला आरसा कशाला?" भीमाचार्य म्हणाले. "तुमची काच पक्की. नशीबच खोटं, त्याला कोण काय करणार! वहिनींना तसं सांगा. आणि हे चष्मे मी पोरांना वाटून टाकतो. तपासलेलेच आहेत, आणखी काय हवं?"

शेषगिरींना हायसं वाटायला हवं होतं. ते चष्म्यांच्या पेटीकडे बघत उभे राहिले.

"स्वल्प थांबा, आचार्य," ते म्हणाले. "पहिला चष्मा परत बांधा. त्याच्यावर अजून तीन मारा."

"अहो, टिकलाय की तो!"

"असू दे. मारा."

दुसरा छर्रा काचेनं सोसला. तिसराही सोसला. चौथ्याला काच फुटली आणि तुकडे भोपळ्यात रुतले. मग दुसरा चष्मा बांधला, तो तिसऱ्यालाच गेला. त्याच्यामागचा चौथ्याला. त्याच्याही मागचा चौथ्यालाच.

भीमाचार्यांनी पेटीतला एक चष्मा उचलून उन्हात धरला. छर्रा लागला होता तिथे केसाएवढी चीर होती, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी.

"म्हणजे दर माराला काच आतून दुबळी होते," ते सावकाश म्हणाले. "पण सुधींद्राला तर एकच छर्रा लागला ना? तुम्ही चार का मारायला लावले?"

"दुकानातून बिनतपासलेला चष्मा जात नाही," शेषगिरी म्हणाले. त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसाच होता. "प्रत्येकावर एक छर्रा मारून बघतो, टिकला तर तोच देतो. सुधींद्राच्या चष्म्यावर मी तीन मारले होते. पोटचा पोर ना."