एकदाणी

तृप्तीनं मांडीवर कूस बदलली आणि चतुराबाईंनी पदर नाकाला लावला. लगेच लाजून काढलाही. स्वतःच्या नातीचा वास येतो म्हणून नाक झाकणारी आजी कुठं पाहिली का कुणी? पण वास होता, कुजल्यासारखा. बसमधल्या पुढच्या बाकावरच्या माणसानंही दोनदा मागं वळून बघितलं होतं.

"सर्दी सर्दी म्हणता पावसाळा सरला, आत्या," सून मीना खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी कवाची म्हणून राह्यले, जालन्याला दाखवू म्हणून."

चतुराबाईंनी पदराच्या टोकानं तृप्तीचं नाक पुसलं. एरवी सुनेचं बोलणं खाली पडू देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पण आज सुनेचं खरं होतं. ओव्याची पुरचुंडी झाली, हळदीचं दूध झालं, गावातल्या डॉक्टरची गोड औषधं झाली. मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकल्या. उजव्या नाकपुडीतली ती घाण धार काही हटेना. अंगणवाडीतली पोरं नाक दाबून लांब सरकायला लागली, तशी चार वर्षांची तृप्ती घरीच बसू लागली. "नाकाचं हाड तर सडलं नसंल?" असं शेजारची बोलून गेली, आणि तेव्हापासून चतुराबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्यात आज टेंभुर्णीच्या स्टँडवर नेमकी बेबीनंदा दिसली. एरवी तिच्या कानात सोन्याची फुलं असायची. आज भोकांत कडुलिंबाच्या काड्या होत्या. हिचेही कान पिकले वाटतं, म्हणत चतुराबाईंनी मान वळवली. बेबीनंदानं मात्र तृप्तीकडे बराच वेळ बघितलं.

हिची हाय तर लागली नसेल पोरीला?

बेबीनंदा त्यांच्याकडे झाडलोट करायची. उन्हाळ्यात चतुराबाईंनी गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी गाठवायला काढली. दोरा विरला होता. पटवेकऱ्याकडे द्यायची या घरात रीत नव्हती. आपलं सोनं आपल्याच हातानं ओवावं, परक्याच्या हाती देऊ नये, असं त्यांच्या सासूनं बजावून ठेवलेलं. म्हणून मणी ताटात ओतून त्या ओसरीवर बसल्या. ओवून झाल्यावर बघतात तर एक मणी कमी. घरात तेव्हा होतं कोण? त्या स्वतः, मांडीवर खेळणारी तृप्ती आणि झाडू मारणारी बेबीनंदा. मग आणखी शोधायचं काय? भर दारात तिला पदर झटकायला लावला आणि कामावरून काढलं.

"काकू, मी न्हाई घेतला. लेकराची आन," ती म्हणाली होती.

"चोर कधी घेतला म्हणतो का?"

मग दुसऱ्या घरांनीही तिला दार बंद केलं. मिरची तोडायला नेणाऱ्या बायाही तिला टाळू लागल्या. पुढं पावसाळा लागता लागता एका संध्याकाळी, कानांवरून पदर घट्ट ओढून, ती मणी घेऊन आली. "उकिरड्याच्या कडंला सापडला, काकू. आता तेवढं गावात सांगा."

चतुराबाईंनी सांगितलं. आपल्या पद्धतीनं. "मी गप बसले न्हाई, म्हणून परत आला. न्हाईतर बराबर पचला असता!" मणी ओवून एकदाणी गळ्यात घातली आणि विषय मिटवला.

चोराची कसली आलीय हाय, त्यांनी स्वतःला समजावलं. तरी जालना येईपर्यंत बेबीनंदाची ती नजर काही डोळ्यांपुढून हटली नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर वयानं लहान, पण बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी तृप्तीचे कान बघितले, घसा बघितला. मग विचारलं, "दोन्ही नाकपुड्यांतून वाहतं की एकाच?"

"एकाच," मीना म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. 

"खेळता खेळता नाकात काही घातलं होतं का हिनं?"

"न्हाई हो बाई," चतुराबाई घाईनं म्हणाल्या. "सारा दिवस माझ्या नजरंखाली असती पोरगी. माझ्या मांडीवरून हालत न्हाई ती."

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला. तृप्तीला चादरीत गुंडाळलं, मीनानं तिचं डोकं घट्ट धरलं. पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला. चतुराबाईंना बघवेना. त्यांनी डोळे मिटून राजूरच्या गणपतीला हात जोडले. देवा, माझं काई चुकलं असंल तर माझ्या पदरात घाल, पण लेकराला सोड.

स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी टण्णकन वाजलं.

"निघालं!" डॉक्टर हसल्या. "हाडबिड काही नाही, आजी. नाकात अडकलं होतं, म्हणून सडत होतं. आता चार दिवसांत नाक कोरडं होईल बघा."

चतुराबाईंना रडूच फुटलं. तृप्तीला छातीशी धरून त्यांनी तिचे मुके घेतले, त्या वासासकट. किती दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. गणपतीला नारळ कबूल केला, सुनेच्याही पाठीवरून हात फिरवला.

"चिंचोका असंल न्हाईतर हरभरा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लई खोडीची हाये कार्टी."

"हरभरा असा वाजत नाही, आजी." डॉक्टरांनी ट्रेमधली ती काळपट गोळी नळाखाली धुतली, कापसानं पुसली आणि चतुराबाईंच्या तळहातावर ठेवली. "सोनं आहे. सांभाळा."

चतुराबाईंचा दुसरा हात गळ्याकडे गेला. बोटं एकेका मण्यावरून सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, पुन्हा मागं आली.

एकदाणीत एकही मणी कमी नव्हता.