चैतातलं चित्र

चैतात आलेलं कर्जतकडचं उपग्रह-चित्र गढूळ निघालं, म्हणून गजाने ते बाजूला टाकलं होतं. आषाढात वडील अचानक गेले. दिवसकार्य उरकून तो आईला, येसूबाईला, शहरात घेऊन आला आणि एका रविवारी गाव दाखवायला आपल्या कचेरीत नेऊन त्याने तेच चित्र पडद्यावर लावलं.

"काय बी दिसत नाय रं. नुसता चिखल."

"चित्राच्या बाजूच्या ह्या आलेखात बघ, आये. सगळ्या छटा मधेच दाटीनं बसल्यात. त्यांना दोन्हीकडं ताणलं की दिसंल."

त्याने आलेख ताणला. अशा चित्रात हिरवं लाल दिसतं, तसं रान लालभडक उठलं, नदी काळी झाली आणि त्यांच्या गावच्या, कडावच्या, फिकट शेतांत काळे ठिपके उमटले.

येसूबाई पुढे सरकली. "राब हायत हे! भाताच्या रोपासाठी जमीन भाजल्येय. ह्यो कोंडाजीचा. ह्यो अंबाबाईचा." तिथून पुढे तिचं बोट गेलं नाही.

"आपला दिसत नाय," गजा म्हणाला. "थांब, अजून ताणतो."

शेजाऱ्यांचे राब आणखी काळे झाले. त्यांचं शेत तेवढं कोरं राहिलं. तो पुन्हा ताणायला लागला, तेव्हा येसूबाईने त्याचा हात धरला.

"नको ताणू, बाळा. आपला भाजलाच नव्हता. तुझा बा चैतापासून अंथरुणातच होता. रोज म्हणायचा, गजाला कळवू नको, तो कामात असंल."