यादी परत करताना

सहदेव थिअरीत एकाहत्तर गुणांनी पास झाला. पण ते घडलंच नाही, असं समजून पुढे वाचा.

डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट मिळालं, तरच सोमवारी त्याला नोकरीवर घेणार होते. प्रॅक्टिकलला त्याला सी भाषेत बॅचचा थिअरीचा निकाल छापायचा होता. त्याच्या फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याने, गुणांची यादी बनवली, परत पाठवली आणि ते फंक्शन संपलं. त्याच्यासोबत यादीची मेमरीतली जागाही गेली. छापून आलं ते भलतंच: बॅचमधल्या शीलाला एकोणीस हजार, सहदेवला उणे अठ्ठावीस हजार चारशे सोळा. गुणांचा मूळ कागद क्लासच्या पाटणकर सरांनी फाडून टाकलेला, आता कॉम्प्युटर आलाय म्हणून. शीला पेढे आणायला गेली.

"सर, यादीसाठी मॅलॉकने वेगळी मेमरी मागून घ्यायची राहिली."

"म्हणजे प्रोग्रॅम चुकला? मग प्रॅक्टिकलला नापास."

"नाही नाही सर, प्रोग्रॅम बरोबर आहे."

"अरे, मग थिअरीला नापास."

सहदेवने कोरा कागद घेतला. मग त्याने अर्ज लिहिला: 'पास होण्यास पस्तीस गुण लागतात. तरी मला अठ्ठावीस हजार चारशे एकावन्न ग्रेस गुण देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'