पहिला घास

"कुत्र्यांचा कसला आलाय समारंभ!" सोसायटीचे अध्यक्ष सबनीस माझ्या शेजारच्या खुर्चीत पुटपुटले. पण पोरं फेटा बांधायला आली, तशी मान लगेच पुढे केली.

जखमी कुत्र्यांसाठी संस्था काढली होती आमच्या इमारतीतल्या इरावतीने, कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन. नाव 'ढब्बू'. ढब्बू तिचा कुत्रा, जिन्याखाली तडफडून गेला. तोंडाला फेस होता, तरी सगळे "साप चावला असेल" म्हणत राहिले. ढब्बूवरून तिच्याशी रोज भांडणाऱ्या सबनीसांनाच तिने उद्घाटनाला बोलावलं, तेव्हा मला वाटलं, पोर माफ करून मोकळी झाली.

फीत नव्हतीच. इरावतीने दूधभाताची थाळी त्यांच्या हातात दिली. "काका, पहिला घास तुमच्या हातून." तीन पायांचं एक पिल्लू शेपटी हलवत पुढे आलं. सबनीस फोटोसाठी हसत वाकले.

"थांबा," ती माइकवर म्हणाली. "आधी तुम्ही खा."

"वेडी आहेस का? मी कशाला खाऊ?"

पुढच्या रांगेत कुणीतरी उगाच खोकलं. इरावतीने पिल्लाला उचलून घेतलं.

"कारण ढब्बूलाही तुम्हीच भरवलं होतंत, काका. विष कालवून."