बॉनेटपाशी

फ्लायओव्हर चढताना गाडीला धाप लागायला लागली. पिकअप मिळेना आणि टर्बोची शिट्टीही वेगळीच वाजत होती. फरीदाबादच्या नव्या मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, "पाइप कहीं से हवा छोड़ रहा है, साहब. घर में किसी से बोलो रेस दे, आप बोनट के पास कान लगाओ."

मी "अच्छा" म्हणालो आणि फोन ठेवला. घरात कोण आहे, हे त्याला कशाला सांगत बसू? वृंदा होती तेव्हा हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. मी सीटवर बसून रेस द्यायचो आणि ती बॉनेटपाशी उभी राहायची. तिचे कान भारी तिखट. गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं.

शेवटी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तो बॉनेटखाली बॅटरीवर ठेवला आणि आत बसून रेस दिली. ते रेकॉर्डिंग न ऐकताच मेकॅनिकला पाठवून दिलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "मिल गया, साहब. इंटरकूलर के पाइप का जोड़ ढीला है, कल ले आओ. बस, भाभीजी को पंखे के इतने पास मत खड़ा किया करो."

मला काही कळेना. मी रेकॉर्डिंग लावलं.



इंजिनाच्या घरघरीतून माझाच आवाज येत होता, "वृंदा, ओढणी सांभाळ गं, पंखा सुरू झालाय!"